झाकणाचा चढता कोपरा

कारखान्यात तिला सगळे पाराबाई म्हणत. टाक्यांचं तापमान लिहून घेणं हे तिचं नऊ वर्षांचं काम, आणि तिचा स्वतःचा पाराही चढायला वेळ लागत नसे, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवशी मात्र ती चिडली नव्हती. तिला सकाळपासून धास्ती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

एक नंबरच्या टाकीचा काटा आठ दिवस बासष्टवर होता. ना एकसष्ट, ना त्रेसष्ट. खोलीएवढी टाकी, आत स्वतःच्याच उष्णतेनं तापत जाणारा गोंद. असला जिवंत ऐवज एका आकड्यावर आठ दिवस मुकाट बसतो कसा?

ती वळसा घालून टाकीच्या मागे गेली. तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. झाकणाखालच्या रंगाला फोड आले होते. तिनं हात नुसता जवळ नेला आणि झटक्यात मागे घेतला.

मग पाणसळ आणून तिनं टाकीच्या कडेवर ठेवली. आतला बुडबुडा सरकत सरकत टोकाला जाऊन बसला. फुटलेल्या गटाराचं पाणी मुरून काट्याच्या बाजूची जमीन दोन बोटं खचली होती.

तिचा धाकटा दीरच त्या पाळीचा फोरमन होता. तिनं त्याला गाठलं.

"भावजी, टाकी कलली आहे."

"दोन बोटांनी काय होतंय, वहिनी? काटा बासष्टच दाखवतोय ना?"

"काटा खालच्या अंगाला आहे. गरम गोंद वर येतो, झाकणाला लागून चढाकडे सरकतो आणि तिकडेच कोपऱ्यात तुंबतो. काट्याला त्याचा पत्ता लागणार कसा?"

फोरमनचा चेहरा उतरला. "आणि त्यात ते झाकण..." तो पुटपुटला.

झाकण पूर्वी आतून किसणीसारखं खरबरीत होतं. वरून थंड पाणी फिरायचं. खालून गोंदाचा थर येऊन चिकटला की ते उंचवटे त्याला फाडून खाली सोडायचे आणि नवा थर वर यायचा. उष्णता पाण्याबरोबर निघून जायची. धुताना मात्र माणसांचा जीव निघायचा. महिन्यापूर्वी साहेबांनी ते घासून आरशासारखं करून घेतलं. आता थर पांघरुणासारखा तिथेच बसून राहत होता. त्यात टाकी कलली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

ती साहेबांकडे गेली तेव्हा ते चहा पीत होते. "म्हणजे काटा खोटा आणि तुमचा हात खरा, पाराबाई?" ते हसले. "चारला माल काढायचाय. तीन तासांत आभाळ कोसळत नाही."

तिनं वाद घातला नाही. तापमापक तारेला बांधला आणि मागच्या बाजूच्या, नमुना काढायच्या भोकातून आत सोडला. सत्त्याण्णव. बघता बघता अठ्ठ्याण्णव. शंभराच्या पुढे गोंद कुणाच्या बापाला आवरत नाही, हे कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

"वहिनी, सगळ्यांना फाटकाबाहेर काढा," फोरमन म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"तळाचा व्हॉल्व्ह हातानंच उघडावा लागतो. माल खड्ड्यात सोडतो. आलोच."

ती ओरडत सुटली. फाटकाशी सर्वांत आधी पोचले ते साहेब. तिनं माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. मग कुणीतरी प्रचंड घसा खाकरावा तसा आवाज झाला आणि झाकण चढाच्या कोपऱ्यातून उचकटलं. अर्धा माल आधीच खड्ड्यात गेला होता, म्हणून भिंती तरी शाबूत राहिल्या.

फोरमन आपल्या पायांनी चालत बाहेर आला. उजवा हात त्यानं अंगापासून लांब धरला होता. बाही कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं.

चौकशीत लिहिलं गेलं: काटा शेवटपर्यंत बासष्टवर होता; हुकमाशिवाय व्हॉल्व्ह उघडल्यानं अपघात झाला. तापमापक गोंदात गडप झाला होता. तिनं त्या कागदावर सही करायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परत पाठवलं.

महिन्याभरानं दीर दवाखान्यातून घरी आला. हाताला अजून पट्ट्या होत्या. जाऊबाई त्याला भात भरवत होती. मध्येच त्यानं मान वळवली.

"वहिनी, दोन नंबरची टाकी सुरू केली?"

"परवापासून."

"झाकण?"

"तसंच. गुळगुळीत."

"गटार?"

"तेही तसंच. फुटकं."

"पाळीला माणसं किती?"

"एकोणीस."

त्यानं तोंडासमोरचा घास डाव्या हातानं बाजूला सारला. "घरं माहीत आहेत तुम्हाला सगळ्यांची?"

"आहेत."

"चला मग. एकेकाच्या दारात जाऊ. साहेब नाही ऐकत तर नाही, बायका तरी ऐकतील."

जाऊबाई रडायला लागली. पाराबाईनं खाली वाकून त्याच्या पायात चपला सरकवल्या आणि दार उघडलं.