शर्यत सुटण्याआधी

डेझमंड हॅदरसॉलचं पोट घोड्यांच्या शर्यतींवर चालत होतं, आणि तरीही गेल्या कित्येक वर्षांत त्याने एकही शर्यत शेवटपर्यंत पाहिली नव्हती. इंग्लंडमधल्या मोरकॅम्बच्या किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत त्याचं घर होतं. त्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत तो रोज जेवण आटोपलं की जाऊन बसे. एकेकाळी ती त्याच्या मुलीची, इमोजेनची खोली होती. भिंतीवरचा पिवळा कागद अजून तिनेच निवडलेला होता आणि दारामागे तिची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा होत्या. आता तिथे टेबल होतं, टेबलावर दोन स्क्रीन होते, आणि खिडकीतून दिसायला शेजाऱ्याच्या अंगणातलं कपडे वाळत घालायचं रिकामं, छत्रीसारखं फिरतं स्टँड.

पैजांच्या ऑनलाइन बाजारात, म्हणजे एक्सचेंजवर, बुकी नसतो. एकजण म्हणतो घोडा जिंकेल, दुसरा म्हणतो जिंकणार नाही, आणि दोघांचा भाव जुळला की पैज लागते. समोर कोण आहे ते कुणालाच कळत नाही, पण कुणीतरी असतो हे नक्की, कारण पलीकडे माणूस असल्याशिवाय इथे पैज लागतच नाही. डेझमंडला घोड्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. भाव म्हणजे घोडा जिंकला तर एका पौंडाला किती मिळणार तो आकडा; शर्यत सुटण्याआधी तो वरखाली होतो, त्यातच त्याची भाकरी होती. वरच्या भावाला निळ्या रकान्यात, 'जिंकेल' म्हणून, घ्यायचं, भाव एखाद-दुसरी पायरी उतरला की गुलाबी रकान्यात, 'जिंकणार नाही' म्हणून, देऊन टाकायचं, मधला फरक सगळ्या घोड्यांवर सारखा पसरायचा. आकडे हिरवे झाले, की मग कुणीही जिंको, चहापाण्यापुरतं आपलं सुटलं. या धंद्याचा धर्म एकच, शर्यत सुटण्याआधी बाहेर पडायचं. 'बघू तरी काय होतंय' म्हणून आत राहिलेल्या भल्याभल्यांची धूळधाण झालेली त्याने ऐकली होती.

हा धर्म त्याने धंद्यातून उचलला, की तो मुळात तसाच होता आणि धंदाच त्याला शोधत आला, हे सांगणं कठीण. लग्नाच्या जेवणातून तो केक कापायच्या आधी निघे. मित्रांच्या मैफलीतून रंग भरायच्या आत उठे. त्याची बायको ग्लेनिस हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा 'चहा घेऊन येतो' म्हणून तो खाली उतरला आणि गाडीत जाऊन बसून राहिला. परत वर आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. इमोजेन व्हरांड्यात पाठमोरी उभी राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होती. त्या दिवसाबद्दल ती पुढे कधी एक अक्षर बोलली नाही. तिने बोलू नये म्हणून त्याने तिच्याकडे जाणंच कमी केलं. ती केंडलला राहायची, फार लांब नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि दर रविवारी तो पुढच्या आठवड्याचा वायदा करायचा.

डेझमंडला एक खोड होती. भाव लावला की तो लगेच मागे घ्यायचा आणि मग पुन्हा लावायचा. दाराची घंटासुद्धा तो तशीच वाजवी, बोट पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. ग्लेनिस त्याला चिडवायची, "लग्नाचंसुद्धा दोनदा विचारलंस मला. मधे एकदा 'जाऊ दे' म्हणालास."

म्हणूनच शरद ऋतूत कधीतरी पलीकडच्या बाजूलाही तीच खोड दिसली तेव्हा त्याला आधी हसू आलं. त्याने बाहेर पडायला भाव लावला, की समोर एक बोली उगवायची, नाहीशी व्हायची, पुन्हा उगवायची आणि त्याच्या अंगावरच्या पैजेचं सगळं ओझं उचलून घ्यायची. आपली नक्कल करणारं एखादं यंत्र कुणीतरी सोडलं असेल, असं त्याला वाटलं. पण तो चहा करायला खाली गेला की ती बोलीही गायब असायची, आणि तो कप घेऊन परत बसला, दोन घोट घेतले, की पुन्हा हजर. यंत्राला चहाची तल्लफ कशाला येईल? त्याने त्याला नाव ठेवलं, पलीकडचा.

खरं सांगायचं तर त्याला बरं वाटू लागलं होतं. दिवसच्या दिवस ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा माणसाला रोज ठरल्या वेळी भेटणारं कुणीतरी लागतंच, मग तो गुलाबी रकान्यातला आकडा का असेना. डेझमंड खुर्चीत बसता बसता "आलास का?" म्हणू लागला. पलीकडच्यामुळे त्याला बाहेर पडताना कधी अडचण आली नाही. भाव कितीही बिथरो, तो यायचा, एकदा माघार घ्यायचा, आणि उचलायचा.

डिसेंबरात एका दुपारी तो आला नाही. डेझमंडला त्या दिवशी प्रत्येक शर्यतीतून नुकसान सोसून बाहेर पडावं लागलं, पण त्याहीपेक्षा त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. नातीच्या, टिल्डाच्या, शाळेतलं ख्रिसमसचं नाटक त्याच दुपारी होतं. तो येतो म्हणाला होता. जमत नाही असं कळवायचं त्याच्या मनात होतं आणि तेही त्याने पुढे ढकललं होतं. रविवारी फोन वाजला तेव्हा तो बोलणी खायच्या तयारीनेच बसला.

"डॅड, तू कमाल केलीस हं," इमोजेन म्हणाली. "टिल्डाच्या मेंढीला एकच वाक्य, आणि तू उभा राहून टाळ्या वाजवत होतास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

तिची जीभ आईवर गेली होती. टोमणा आहे असं समजून डेझमंड ओशाळा हसला. "हो, जरा जास्तच झालं का?"

"टिल्डा सगळ्यांना सांगत सुटलीय, माझा ग्रँडॅड सगळ्यांत मोठ्याने वाजवतो म्हणून. थांब, फोटो पाठवते."

फोटोत कापसाची मेंढी दात काढून हसत होती. तिच्या खांद्यावर एक हात होता. फोटोच्या कडेने माणूस कापला गेला होता आणि दिसत होतं ते फक्त तपकिरी कोटाचं कोपर. कोपरावर चामड्याचं ठिगळ होतं, आणि ठिगळाचा शेवटचा भाग हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता. ग्लेनिसकडचा तपकिरी दोरा मधेच संपला होता आणि 'कोण बघतंय तुझं कोपर' म्हणून तिने हिरव्याने काम भागवलं होतं. डेझमंड जिना उतरून खाली गेला. कोट खुंटीवर होता. तो हिरवा टाका त्याने बोटाने चाचपून पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन मटणाचं सूप गरम केलं.

त्यानंतर तो पलीकडच्याच्या खाड्यांकडे लक्ष देऊ लागला. एका मंगळवारी तो नव्हता, आणि रविवारी इमोजेन म्हणाली, "छपराचं पन्हाळं मस्त बसवलंस, आता गळत नाही." नाताळनंतर एकदा तो दुपारभर नव्हता, आणि रविवारी टिल्डाने फोन हिसकावून विचारलं, "पतंग पुन्हा कधी?" डेझमंड दर वेळी हो हो म्हणत राहिला. सुरुवातीला भीतीने, मग लाजेने. आणि मग एक दिवस त्याला कळलं की आपल्याला हेवा वाटतोय. कुणाचा, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. फोन ठेवला की घरातली शांतता अंगावर यायची. पलीकडचा नसला की त्याला एकटं वाटे, आणि पलीकडचा कुठे आहे हे आठवलं की त्याहून एकटं वाटे.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी सेजफील्डच्या मैदानावरची तीनची शर्यत सुटायला अवघा मिनिटभर अवकाश होता. ब्रॅकन लेन नावाच्या घोडीवर त्याने निळ्यात घेतलं होतं, भाव पडला होता, आता गुलाबीत देऊन मोकळं व्हायचं एवढंच उरलं होतं. पलीकडचा त्या दिवशी आलाच नव्हता. इतक्यात फोन वाजला. वार गुरुवार, म्हणून त्याने धसकून उचलला.

"बसमध्ये आहेस ना? आवाज येत नाही," इमोजेन म्हणाली. "तू आत्ता गेलास आणि मला राहवेना. आज तू आईचं बोललास, बरं वाटलं रे. मी तुला कधी म्हटलं नाही, पण शेवटी तू तिचा हात धरून बसला होतास ना, शेवटपर्यंत, त्यावरच मी इतकी वर्षं काढली. बाकी तू कसाही वाग."

डेझमंडचं बोट माउसवर होतं. त्याने दाबलं, आणि दाबल्यावर त्याला दिसलं की गुलाबी सोडून आपण पुन्हा निळंच दाबलं आहे. ओझं दुप्पट झालं होतं आणि स्क्रीनवर शर्यत सुटली होती.

"इमोजेन," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तिथे..."

"माहितीय. तुला बोलायला जमत नाही. नको बोलूस. उद्या चारला टिल्डाच्या वाढदिवसाचा केक आहे, आणि या वेळीही सगळ्यांत शेवटी जा. ठेवते."

त्याने शर्यत पाहिली. चिखल उडत होता, घोडे कुंपणांवरून झेपावत होते, आणि त्यातली एक घोडी त्याची होती. सोडता येत नव्हती, कुणाच्या गळ्यात मारता येत नव्हती. शेवटच्या कुंपणाला त्याच्या तोंडून "चल, चल गं" असे शब्द निघाले, आणि आपलाच आवाज ऐकून तो दचकला. ब्रॅकन लेन मानेभराने हरली. बरीच मोठी रक्कम गेली होती. डेझमंड खुर्चीत बसून घळाघळा रडला, आणि ते काही पैशांसाठी नव्हतं. पोरगी ज्याच्यावर इतकी वर्षं माया करत आली होती तो माणूस आपण नव्हतो. तो आपल्याला व्हायचं होतं. अजूनही व्हायचं होतं, उद्या चार वाजता.

शुक्रवारी त्याने स्क्रीन चालू केलेच नाहीत. दाढी केली, तो कोट घातला आणि किनाऱ्यावरच्या दुकानातून लोण्यात मुरवलेली कोळंबी घ्यायला गेला. इमोजेनला लहानपणापासून तिचं वेड होतं.

"अजून पाहिजे?" मासेवाला रेमंड म्हणाला. "सकाळी दोन डबे नेलेस की. पाहुणे फार दिसतायत."

"दोन दे," डेझमंड म्हणाला.

"वय झालं डेझ तुझं," असं म्हणून रेमंडने डबे कागदात गुंडाळले.

लँकेस्टरला बस बदलावी लागते. समोरच्या थांब्यावर परत मोरकॅम्बला जाणारी बस दार उघडून उभी होती आणि तिच्यात उबदार दिवे होते. डेझमंडने फोन काढून बाजार उघडला. दुपारच्या शर्यतींचे भाव हलत होते, हजारो हात घेत होते, देत होते. एखादी बोली येऊन, माघार घेऊन, पुन्हा येते का, ते तो बराच वेळ बघत राहिला. तसं काही झालं नाही. त्याने फोन बंद करून खिशात टाकला. परतीची बस निघून गेली. तो केंडलच्या बसमध्ये चढला आणि कोळंबी मांडीवर घेऊन, उतरायचं ठिकाण येईपर्यंत बसून राहिला.

इमोजेनच्या घराला नवं पन्हाळं होतं. खिडकीत फुगे बांधले होते, आत मुलांचा गलका चालला होता. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती आणि तिच्यातून पिवळा उजेड पायरीवर पडला होता. डेझमंडने कोपरावरचा टाका चाचपला. मग त्याने बोट पुढे केलं, आणि जन्मात पहिल्यांदा ते मागे न घेता, सरळ घंटा दाबली.

आतला गलका जरा थांबला. काट्याचमच्यांचे आवाज झाले, आणि स्वयंपाकघरातून इमोजेनचा आवाज आला, मोकळा, लाडिक. तिचा असा आवाज त्याने फोनवर कधी ऐकला नव्हता.

"डॅड, कोण आलंय बघ ना जरा. माझे हात क्रीमने भरलेत."

पावलं जवळ आली. दुधी काचेमागे एक उंच सावली उभी राहिली. तिने कडीकडे हात नेला, मागे घेतला, आणि पुन्हा पुढे केला.