शनिवारचा कचरा

ढाणकीच्या गोविंदा खिल्लारेंच्या घरातला कॉम्प्युटर दर शनिवारी बिघडायचा. बिघडायचा कसला, खिल्लारेच त्याला बिघडवायचे.

माणूस तसा सरळ. सारी नोकरी उमरखेडच्या बसस्थानकात माइकसमोर गेली. गाडी लागली की पुकारायची, रद्द झाली की तेही सांगायचं, आणि मधल्या वेळात गप्प बसायचं. कारणाशिवाय बोलायची तोंडाला सवयच नव्हती. घरातलं बोलायचं खातं कांताबाईंकडे होतं. पुण्याहून मुलाचा, रोशनचा फोन आला की त्या पोटभर बोलायच्या आणि शेवटी फोन नवऱ्यापुढे धरायच्या, "घ्या, बोला." हे विचारायचे, "जेवला का?" तिकडून "हो" आलं की फोन परत बायकोच्या हातात. दोन वर्षांमागे कांताबाई गेल्या, आणि फोन परत द्यायला हात उरला नाही.

रोशन फोन करत नव्हता असं नाही. पण "जेवला का" झालं की पुढे दोघंही चूप. ती शांतता खिल्लारेंना रिकाम्या घरापेक्षा जड जायची.

मग एकदा रोशनचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर खरोखरच अडला. रोशनने पुण्यात बसूनच इंटरनेटवरून तो हाती घेतला. पडद्यावर आलेला आकडा त्याला वाचून दाखवायचा, एवढंच खिल्लारेंचं काम. त्यांनी तो गाडी पुकारावी तसा ठणठणीत वाचला, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. माऊसला कोणाचा हात नव्हता. बाण रोशनचा होता. थांबला म्हणजे पोरगा विचार करतोय, भराभरा पळाला म्हणजे वैतागलाय. लहानपणीही तो असाच होता. खिल्लारे खुर्ची ओढून बाणाकडे बघत बसले, आणि त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागली.

झालं, चटक लागायला एवढं पुरतं. दर शनिवारी ते फुकटचं एखादं सॉफ्टवेअर शोधून कॉम्प्युटरमध्ये भरायचे. हवामान सांगणारं, पडद्यावर मासे फिरवणारं, एकदा तर कुंडली मांडणारं, ज्याच्यावर या बुद्धविहारात जाणाऱ्या माणसाचा काडीचा विश्वास नव्हता. आणि रविवारी फोन, "रोशन, मशीन पुन्हा अडून राह्यली बाप्पा."

अशाच एका रविवारी रोशन म्हणाला, "बाबा, आज रजिस्ट्रीच साफ करतो."

"ते काय असते?"

"सॉफ्टवेअर टाकलं की ते मशीनच्या आत आपल्या नोंदी करून ठेवते. सॉफ्टवेअर काढलं तरी नोंदी तशाच राह्यतात. कचरा नुसता."

खिल्लारेंनी भिंतीकडे पाहिलं. खुंटीवर कांताबाईंची बाजाराची पिशवी अजून लटकत होती. "राहू दे ना पडून," ते म्हणाले, "खायले मागते का?"

"खायले नाही मागत. खरं म्हणजे त्याच्यानं फारसं अडतही नाही. पण एकदा सारं साफ करतो अन् नवीन काही टाकता येणार नाही असं कुलूप लावून देतो. मग तुमची मशीन बिघडतच नाही. दर रविवारची कटकट संपली."

कटकट संपली तर रविवार कशाने भरायचा? "घाई काहून करतं?" एवढंच खिल्लारेंच्या तोंडून निघालं. बाण मात्र सुटला होता. सरसर खाली गेला, वर आला, आणि तारखांच्या रकान्यावर थांबला तो थांबलाच.

"बाबा, हे सारं शनिवारीच टाकलेलं कसं?"

"चुकून लागलं असन."

"दर शनिवारी?"

रद्द झालेल्या गाड्या न अडखळता सांगणारा माणूस टेबलावरची धूळ बोटाने पुसायला लागला. मग रोशन हळू म्हणाला, "काही बिघडलं नसलं तरी फोन करत जा ना बाबा."

"बिघडलं नाही तं बोलावं काय?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आणि रोशनही बापाचाच लेक, त्यालाही सांगता आलं नाही.

बाण वर गेला. त्याने कुंडली मांडणाऱ्या सॉफ्टवेअरची एक नोंद पुसली आणि तिथेच थांबला.

"बाबा, सारं एकदम काढणं बरं नाही," रोशन म्हणाला. "मशीनले झटका बसते. आज एकच काढलं. बाकीचं पुढच्या रविवारी पाहू. कुलपाचंही मग पाहू."

हे खोटं आहे हे खिल्लारेंना कळलं. गाडी कुठे आहे याचा पत्ता नसताना "थोड्याच वेळात येत आहे" असं त्यांनी स्वतः फलाटावरच्या लोकांना पुष्कळदा सांगितलं होतं. लोक ते ऐकून पुन्हा बाकावर बसायचे.

"बरं," ते म्हणाले. "जेवला का?"

"नाही अजून."

"मग जेव."

फोन बंद झाला. बाण पडद्याच्या मधोमध, रोशनने सोडला तिथेच उभा होता. खिल्लारेंनी माऊसला हात लावला नाही.