तीन विद्यापीठांचं एक रजिस्टर

सुलभाबाई विद्यापीठाच्या अभिलेख विभागाच्या प्रमुख. जन्म चामराजपेटेतला आणि तीस वर्षं जुन्या कागदांची धूळ खाण्यात गेलेली. कुठला कागद कुठे, विचारायची खोटी, बाईंचा हात बरोबर त्या कपाटावर. पण दोन वर्षांपूर्वी शहरातल्या तीन विद्यापीठांना सहकार्याचं खूळ लागलं आणि ‘अनुभव वाटून घेऊ या’ म्हणत एक मंडळ निघालं. त्याचा सल्लागार पुष्कर, पुण्याहून येऊन कोरमंगलात राहिलेला. या पठ्ठ्याने जन्मात एका गठ्ठ्याची नाडी सोडली नव्हती, पण बोलायचा असा, की बाईंनाच वाटावं, आपण एवढी वर्षं केलं तरी काय!

दर महिन्याला बैठक, बैठकीत शिऱ्यासारखा गोड केसरीबात, केसरीबात संपला की टाळ्या. ठराव काय, तर जे कागद तिघांकडेही आहेत ते एकाकडेच ठेवायचे, बाकी दोघांनी रद्दीत घालायचे. त्यासाठी सामायिक तक्ता केला, त्यात प्रत्येकाचं वेगळं पान. दुसऱ्याचं पान वाचतंय कोण! जागा वाचली म्हणून मंडळाला ढालसुद्धा मिळाली.

परवा यल्लाप्पा आला. कारखान्यातला फोरमन, पन्नाशी उलटलेला. त्याच्या ऑफिसने सगळ्यांच्या पदव्या तपासायला काढल्या होत्या. शुक्रवारपर्यंत विद्यापीठाचं पत्र दिलं नाही, तर याची पदवी खोटी धरून घरी बसवणार होते. गुणपत्रिका होती त्याच्याजवळ, पण ती ताडून बघायला निकालाचं रजिस्टर हवं.

“स्वल्प, थोडं बघा ना, अक्का,” तो म्हणाला.

साल १९९१. तेव्हा विद्यापीठ एकच होतं, पुढे वाटण्या झाल्या तेव्हा रजिस्टरची एकेक प्रत तिघांना मिळाली. बाईंनी आपलं पान उघडलं. प्रत दुसऱ्या विद्यापीठाच्या नरसिंहरावांकडे, असं लिहिलं होतं. फोन लावला.

“आमच्याकडे कुठलं? ते अनुषाकडे,” नरसिंहराव म्हणाले.

अनुषा तिसऱ्या विद्यापीठाची. ती म्हणाली, “मॅडम, ते तर तुमच्याकडे ना? मी पानावर तसंच लिहिलंय.”

बाईंनी तिघांची पानं शेजारी शेजारी उघडली. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव लिहून आपली प्रत रद्दीवाल्याला दिली होती. दुसऱ्याचं कपाट उघडून बघायची तसदी एकानेही घेतली नव्हती. बाईंनीही नाही! रद्दीत दिलेल्या कागदांच्या यादीखाली त्यांचीच ठसठशीत सही होती.

ही बातमी कळताच पुष्कर फोनवर आला. “मॅडम, ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ एवढंच लिहा. सेफ आहे.”

“कोणाला सेफ?” बाई भडकल्या. “उपलब्ध नाही म्हटलं की ते त्याला चोर ठरवणार. अक्कल गहाण टाकलीय का?”

“पण ब्लेम आपल्यावर येईल.”

“मग दुसऱ्या कोणावर यायला हवा?”

निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौकशी लागणार, पेन्शन अडकणार, हे बाईंना चांगलं कळत होतं आणि भीतीही वाटत होती. तरी त्यांनी गुणपत्रिकेवरची सही आणि शिक्का त्या सालच्या दुसऱ्या कागदांशी ताडून बघितला आणि लिहिलं, ‘रजिस्टर होतं. आम्ही खात्री न करता ते नष्ट केलं. चूक आमची आहे. गुणपत्रिकेवरचा शिक्का आणि सही खरी आहे.’

यल्लाप्पाने पत्र दोनदा वाचलं. डोळे पुसले.

“अक्का, अजून एक प्रत द्या. सही-शिक्क्यासकट.”

“कशाला? एक आमच्या फायलीत राहीलच की.”

त्याने पत्रातल्या ‘नष्ट केलं’ या शब्दांवर बोट ठेवलं. बाईंनी मुकाट्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.