माकडघरातली नळी

म्हातारी नावाच्या माकडिणीने जाड हातमोजा फाडून माकडघर सांभाळणाऱ्या मामांच्या अंगठ्यात दात रुतवले. मामांनी हात सोडवून घेतला नाही. पिंजऱ्याची मागची जाळी तशीच पुढे रेटून त्यांनी तिला दाबून धरलं आणि डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली. दात सुटले तेव्हा म्हातारी मेली होती.

टेबलावर तिचं पोट फाडलं. जठरात लिंबाएवढी टणक गाठ, भोवती काळं रक्त. सकाळपासूनची ही दुसरी. संशोधन केंद्राच्या माकडघरात अकरा माकडिणी होत्या आणि अकराही जणींच्या पोटात एकच जंतू निघाला होता. तो वर्षानुवर्षं जठर कुरतडतो आणि एखादीला कॅन्सर देऊन जातो, असं बाईंनी मामांना समजावलं होतं. उरलेल्यांना आजपासून औषध मिळणार होतं. ठमी सोडून.

ठमी धडधाकट होती आणि मस्तीखोर तर विचारूच नका. पण ती बाहेरून आणलेली, बाकीच्या इथल्याच. तेव्हा रोग हिनेच आणला, हिला ठेवायची नाही, असा वरिष्ठांचा निकाल होता.

बाईंनी ठमीला आणायला सांगितलं. मामा जागचे हलले नाहीत.

तपासणीची नळी घशातून पोटात घालायची. एकीची तपासणी झाली की नळी जंतुनाशकात वीस मिनिटं बुडवायची आणि मगच पुढचीला घालायची. हे काम मामांचं. पण तेवढा वेळ पुढची जाळीत दाबलेली असायची. ती किंचाळायची, डोकं आपटायची, ओठ फोडून घ्यायची. मामांना ते बघवत नसे. बाईंची पाठ वळली की ते नळी नळाखाली धरायचे आणि पुढचीला लवकर मोकळी करायचे. दया अशी अंगाशी येते. नळीत हयगय करणाऱ्याची नोकरी जाते हे त्यांना ठाऊक होतं, आणि या वयात त्यांना दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं.

"मॅडम, तिला नका मारू," ते म्हणाले. "रोग तिने नाही आणला. मी नळी नुसती पाण्याने धुवायचो. एकीच्या पोटातली काढली की दुसरीच्या पोटात, आणि हिची पाळी शेवटची."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि हे आज सांगताय?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय, म्हणून."

बाईंनी सुई ट्रेमध्ये टाकली. हे वर कळवावंच लागेल, उद्यापासून येऊ नका, असं त्या म्हणाल्या. मामांनी मान हलवली. मग बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला दया आली मामा, आणि या दोघी मेल्या."

मग त्यांनी औषधाच्या यादीत ठमीचं नाव चढवलं आणि गोळ्यांची बाटली मामांकडे सरकवली.

त्यांनी केळ्याच्या तुकड्यात गोळी खुपसली आणि ठमीसमोर धरली. त्यांच्या हाताला म्हातारीच्या रक्ताचा वास होता. ठमीने जाळीतून पंजा घालून त्यांचा गाल ओरबाडला. रक्त कॉलरवर उतरलं. मामांनी हात मागे घेतला नाही की गाल पुसला नाही. तिने तुकडा घेऊन पुरता गिळेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

मग उरलेल्या आठ जणींना गोळ्या देऊनच ते घरी गेले.