डफाचं कातडं

सकाळी सहाला ती मुक्कामाच्या खोलीत उठली. चादरीची घडी घातली, नळाखाली बादली लावली, ती भरेपर्यंत दात घासले. आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल खिडकीच्या गजावर वाळत टाकला. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून पिशवीतून नवऱ्याचा डफ काढला, कापसाच्या बोळ्यावर तेलाचे चार थेंब घेतले आणि कातडं मधून कडेकडे पुसत नेलं. तो गेल्यापासून दोन वर्षं दर रविवारी ती हे करत आली होती. मध्याच्या जरा खाली त्याच्या बोटांच्या घामाने पडलेला काळसर डाग होता. तिथे ती थोडं अधिक तेल लावी. नोकरीच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना जेवढं लक्ष लागे, तेवढंच इथे लागे. त्याहून अधिक काही वाटत नसे आणि त्याचीही सवय झाली होती.

दिराने दार वाजवलं. "वहिनी, आवरलं का? की इथेही हजेरी लावून निघायचंय?"

लोकसंगीताच्या या मेळाव्याला दोघे भाऊ वीस वर्षं येत. ती प्रथमच आली होती, तीही दिराने सहा महिने भुणभुण लावल्यावर. उद्या दुपारी त्यांच्या जुन्या मंडळींचं गाणं होतं. त्यात भावाचाच डफ वाजावा, एवढं त्याचं म्हणणं होतं.

मैदानात चार मांडव होते आणि चारही एकाच वेळी वाजत होते. शेजारच्या घरात भांडी पडावीत तसं ते तिला ऐकू येत होतं. कडेला वाद्यं दुरुस्त करणारा म्हातारा बाकडं मांडून बसला होता. डफ जरा ताणून घ्यावा म्हणून दिराने तो पुढे केला. म्हाताऱ्याने टिचकी मारली. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

"कुणाचा हा पराक्रम? अहो, डफ आहे हा, लोणचं नव्हे! तेल पाजून पाजून मारलंय कातडं."

दीर तिच्याकडे पाहायचं टाळू लागला.

"मीच," ती म्हणाली. "जपायचं म्हणून लावत होते."

म्हातारा एकदम वरमला. "लाकडी कडं ठणठणीत आहे, ताई. आज नवं कातडं चढवलं तर उद्या दुपारपर्यंत वाळेल."

"राहू द्या," दीर घाईने म्हणाला. "वहिनी, मी कुणाचा तरी मागून आणतो. हा घरी भिंतीवर लावा. त्याच्या हाताची खूण आहे ती."

तिने डाग पाहिला. मग डोळे मिटून हा डफ घरात कसा वाजायचा ते आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नवऱ्याची मान आठवली, पायाने धरलेला ठेका आठवला. आवाज काही केल्या आठवेना.

"बदला," ती म्हणाली.

"वहिनी, नीट विचार करा हो."

"केला."

"जुनं अखंड काढून देऊ का, ताई? ठेवायला?"

"नको."

म्हाताऱ्याने पक्कड घेतली. कडं हलू नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि शेवटचा खिळा निघेपर्यंत तसंच धरून ठेवलं.