गाडीची पोथी

धनाजीने सातव्यांदा किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करीना. तो खाली उतरला, बॉनेटमध्ये डोकं खुपसलं आणि पान्याने स्टार्टरवर दोन टोले हाणले.

"आत्या, स्टार्टर गेला बहुतेक."

"मघाशी बॅटरी गेली म्हणलास. त्याच्या आदी वायर गेली म्हणलास," गाडीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या ठकुबाई म्हणाल्या. "आता समदी गाडीच गेली म्हण, म्हंजी सुटलास."

भोरमध्ये नूरुद्दीनच्या गॅरेजच्या अंगणात ती पांढरी घरगाडी उभी होती. बावीस वर्षांची. आत एक लांब आसन, ओटा, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडास. भाटघरच्या धरणाजवळ राहणारे एक साहेब त्यातून देशभर हिंडले होते. पाय थकले तेव्हा त्यांनी गाडी ठकुबाईंना देऊन टाकली. ठकुबाईंच्या कीर्तनांना ते मागे भिंतीला टेकून बसायचे. देताना एक जाडजूड पुस्तक हातात ठेवून म्हणाले होते, "हे वाचलंत तर गाडी तुम्हाला सांभाळेल."

ठकुबाईंनी ते पुस्तक लाल फडक्यात बांधून गाडीतल्या देव्हाऱ्यात ठेवलं. खंडेनवमीला पान्यांसोबत त्याची पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं गेलं. उघडलं मात्र कोणी नव्हतं. धनाजीची एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं गेलेली. त्याला पुस्तकाची काय गरज?

तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून ठकुबाई गावाबाहेर कीर्तनाला उभ्या राहिल्या नव्हत्या. कीर्तनाला दोन तास उभं राहायचं तर त्याआधी पाठ जमिनीसारखी सपाट पडायला हवी. जीपमध्ये अर्धा तास बसलं तरी पाय बधिर व्हायचा. ही गाडी आली आणि वेल्ह्याच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन त्यांनी मागून घेतलं. ते आज होतं. दहा वाजता.

धनाजीचा मोबाईल वाजला. वेल्ह्याहून गेनबा. सप्ताहाचं सगळं तोच बघायचा.

"धनाजीराव, निघाला का? दहाला उभं राहायलाच पायजे बगा. मागं हंडी हाय, पंगत हाय. न्हाई जमलं तर सांगा, राजनंदिनीताई हितंच हायेत. त्या उभ्या ऱ्हातील."

ठकुबाईंनी ऐकलं. पदर सारखा केला.

"मोबाईलवर कीर्तनानं गाजलेली पोरगी ती," त्या म्हणाल्या. "आज ती उभी ऱ्हायली की म्हातारी संपली. पुन्यांदा कोन बोलवतंय मला?"

धनाजीने पाना फडक्याला पुसला.

चहाचे कप घेऊन समीना बाहेर आली. नूरुद्दीनची सून, शाळेत इंग्रजी शिकवायची.

"आजी, गाडीचं पुस्तक असेल ना काहीतरी?"

"हाय की. देवात हाय."

"देवात?"

"मग कुठं ठेवायचं? ग्रंथ हाय त्यो."

समीनाने हात धुतले, देव्हाऱ्यापुढे थबकली आणि ठकुबाईंकडे पाहिलं. ठकुबाईंनी मान हलवली. फडकं सुटलं. कुंकवाने वरची दोन-तीन पानं चिकटली होती. ती नखाने हळूच सोडवत समीना मागचं पान शोधू लागली.

"शेवटी बिघाडांची यादी असते, आजी. थेट तिथंच बघू."

"आगं, मधनंच पोथी उगडत्यात व्हय? पैल्यापासनं वाच."

"आत्या, आठ वाजून गेले!" धनाजी ओरडला. "तीनशे पानं हायेत. पारायण घालता का?"

"तू दीड तास पाना घालतुयास, त्येला म्या काय म्हणलं का? गप बस. वाच गं बाय. तू वाचायचं, अर्थ सांगायचा. मी हाय ऐकायला."

समीना पायरीवर बसली. एक ओळ इंग्रजीत, मग तिचा मराठी अर्थ. प्रत्येक अर्थाला ठकुबाई श्रावणातल्या पोथीला बसल्यासारखं "हां" म्हणत होत्या. पहिल्या पानावर नमस्कार-चमत्कार, दुसऱ्यावर गाडीची लांबी-रुंदी. धनाजी टायरवर बसून सुपारी कातरत होता.

"प्रवासाला निघण्यापूर्वी," समीना वाचू लागली. "गॅस बंद करा."

"हां."

"खिडक्या लावा. पाण्याचा नळ बंद करा."

"हां. घरची बाईबी ह्येच करती."

"दारातली पायरी पूर्ण आत सरकवा. खटका बसल्याचा आवाज यायला हवा. खटका बसल्याखेरीज इंजिन सुरू होणार नाही."

ठकुबाईंचा "हां" आला नाही. सुपारी कातरणं थांबलं.

तिघांनीही समीना बसली होती त्या पायरीकडे पाहिलं. ती उठली. धनाजीने पायरी आत ढकलली. जवळजवळ सगळी गेली. दोन बोटं बाहेर राहिली. पायरीच्या कडेला सागवानी पट्टी ठोकलेली होती आणि ती गाडीच्या लोखंडाला अडत होती. पट्टीवर कालचं हळदकुंकू ताजं होतं.

"उंबरा," धनाजी हळू आवाजात म्हणाला. "आत्या, काल सांजच्याला तुमीच म्हणला, उंबऱ्याबिगर घर कसलं."

"व्हय. मीच म्हणलं."

"आता निघायच्या दिशी उंबरा उचकायचा म्हंजी…"

ठकुबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. पट्टीला बोट लावून ते कपाळाला लावलं.

"घराचा धरम घराला, गाडीचा गाडीला. हिच्या पोथीत उंबरा न्हाई, तर न्हाई. काढ."

चार खिळे निघाले. पायरी आत गेली आणि 'खट्' असा आवाज आला. धनाजीने किल्ली फिरवली. गाडी अशी गरजली की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"रामकृष्ण हरी!" ठकुबाई म्हणाल्या.

"आजी, मी उतरते आता," समीना म्हणाली.

"उतरती कुठं? पोथी अर्धी सोडून?"

पावणेनऊला गाडी निघाली. ठकुबाई लांब आसनावर पट्टे बांधून आडव्या, समीना समोर पुस्तक घेऊन. कापूरहोळ गेलं, नसरापूर गेलं. मार्गासनीच्या पुढे चढ लागला आणि इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकू लागला. चैत्रातलं ऊन काचेतून आत येत होतं. धनाजीने काट्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, खाकरला.

"समीनाताई, काटा चढल्यावर काय करायचं म्हणती पोथी?"

समीनाने पानं चाळली. "आतला हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची उष्णता त्यातून निघून जाते."

"ह्या उनात हीटर?"

"लाव," मागून आवाज आला.

गाडीत भट्टी झाली. तिघंही घामाने निथळली, पण काटा थरथरला आणि खाली यायला लागला. धनाजी एकटाच हसू लागला.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं ह्यो हीटर म्या थंडीतच लावला."

वेल्ह्यात पोचेपर्यंत दहा पस्तीस झाले. मांडवाच्या बाहेरच मृदंग ऐकू आला आणि वर एक बाईचा आवाज. कीर्तन लागलं होतं.

धनाजीने इंजिन बंद केलं. ठकुबाईंनी पट्टा सोडला, पायरीवरून एकट्या उतरल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "उभं न्हाई तर बसून ऐकू. कीर्तनाला पाठ दावायची नसती."

मांडव भरला होता. पुढे राजनंदिनी उभी होती, पंचविशीची, हातात टाळ. गळ्यात कीर्तनकाराचा हार नव्हता. ठकुबाई शेवटच्या रांगेमागे थांबल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. ते सुरुवातीचं नामच होतं, अजून नुसतं नामच. एक चाल संपली, राजनंदिनीने दुसरी उचलली, तीही संथ लयीत. मग तिसरी. निरूपणाच्या अभंगाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. आणि अभंग घेतला नाही तोवर कीर्तन कोणाचंच नसतं.

"किती येळ चाललंय ह्ये?" ठकुबाईंनी शेजारच्या म्हातारीला विचारलं.

"दहापासनं. गेनबा दोनदा हार घिऊन गेला. घालून घेईना बया."

राजनंदिनीची नजर मागे गेली. तिने टाळ थांबवला आणि गर्दीने आपोआप वाट सोडली.

ठकुबाई त्या वाटेने चालत गेल्या. टाळकऱ्यांत शिरण्यासाठी मागे सरकणाऱ्या त्या मुलीला त्यांनी हाताने थांबवलं.

"घसा बसला असंल की गं," त्या म्हणाल्या.

राजनंदिनीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती हसली, आणि पाया पडायला वाकणार तोच ठकुबाई खाली वाकल्या होत्या, दोन्ही हात तिच्या पावलांवर.

मग त्या सरळ झाल्या, हार घालून घ्यायला गेनबापुढे मान झुकवली, आणि अभंगाचा पहिला शब्द उचलला.