हेटीचा राहता पत्ता

बाहेरचं माणूस घरी येणार म्हटलं की नोरीन बटरवर्थबाईंच्या अंगात येत असे. मग ते माणूस पाद्री असो, गॅसचा मीटर बघणारा असो, नाहीतर नगरपालिकेचा तपासनीस. दाराबाहेरची दगडी पायरी घासली जाई, खिडक्यांचे जाळीचे पडदे धुतले जात आणि कपाटातले सोनेरी काठाचे कप बाहेर येत. क्लॅफर्टन गावात त्यांची आई असंच करायची, आजीही असंच करायची. गिरण्या बंद पडल्या, पण पायऱ्या घासणं काही थांबलं नाही. नोरीनबाईंनी चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे वाढले, पण स्वतःच्या घरात कधी कुणाला धुळीचा कण दिसू दिला नाही.

या वेळी मात्र तपासनीस येणार होता तो घाण बघायलाच.

त्याचं असं होतं. नोरीनबाई, त्यांची मुलगी जनीन आणि पाच वर्षांची नात हेटी अशा तिघी एका भाड्याच्या घरात राहत होत्या. मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला कायमची ओल. तिच्यावर काळी बुरशी धरायची, आणि त्याच खोलीत हेटी झोपायची. हेटीला दमा. फेब्रुवारीत चार रात्री ती इस्पितळात नळ्या लावून पडली होती. आणखी एक हिवाळा या खोलीत काढू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरमालक स्पेनला राहत असे आणि तक्रारीच्या प्रत्येक पत्राला उत्तर म्हणून नाताळचं कार्ड पाठवत असे. उरली नगरपालिका. तिच्याकडे स्वस्त भाड्याची, कोरडी, भक्कम घरं होती, आणि त्या घरांसाठी यादी होती.

यादीत चार गट होते. अ गटात यायचं तर घर जळावं लागे, कोसळावं लागे, निदान डोक्यावरचं छप्पर तरी जावं लागे. ब गट आजारी माणसांचा, पण आजार कागदावर असला तरच. क गटात एका पलंगावर तिघंतिघं झोपणारे. आणि ‘तुमचं तसं बरं चाललंय’ असं नगरपालिकेला वाटे ते सगळे ड गटात. दर गुरुवारी रिकाम्या घरांची जाहिरात लागे. आवडेल त्या घरावर आपलं नाव लावायचं, आणि मंगळवारी आपण तीनशे बारावे आलो हे वाचायचं. ड गटातली माणसं हे वर्षानुवर्षं करत. लॉटरीला निदान तिकीट तरी हातात मिळतं.

हेटीला ब गट मिळण्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. डॉक्टरांचं पत्र, ते होतं. आणि तपासनिसाने ओल आपल्या डोळ्यांनी पाहणं.

तपासनीस मंगळवारी येणार होता. नोरीनबाईंनी शुक्रवारीच बादली भरली.

“आई, काय करतेस?” जनीन बेकरीतून आली ती दारातच थबकली. “त्याला बुरशी दाखवायचीय ना आपल्याला?”

“दाखवणारच आहे.”

“मग ब्लीच कशाला ओततेयस तिच्यावर?”

“अगं, परका माणूस घरात येणार! ही असली भिंत बघून काय म्हणेल? बटरवर्थांच्या घरात कुणी हात हलवत नाही म्हणेल. मी तोंडाने सांगेन की त्याला, इथे बुरशी असते म्हणून.”

“आणि तो ऐकेल?”

“का नाही ऐकणार? मी काय खोटं बोलणारी बाई दिसते?”

सोमवारपर्यंत भिंत घासून झाली, वर पांढऱ्या रंगाचा हात बसला आणि बाईंनी जॅम भरलेला केकही केला.

ऑलर्टन नावाचा तपासनीस तिशीचा, सभ्य, गुळगुळीत मुलगा होता. त्याने बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीपुढे उभा राहिला.

“ओल कुठे आहे, मिसेस बटरवर्थ?”

“ही काय, तुझ्या नाकासमोर. आता दिसत नाही, कारण मी पुसली. पण ती असते हो बाळा. पंधरा दिवसांत परत येते.”

“म्हणजे आत्ता नाही.”

“आत्ता कशी असेल? तू येणार होतास ना!”

ऑलर्टनने हे लिहून घेतलं नाही. बाकी बरंच लिहून घेतलं. मग त्याने सोनेरी काठाच्या कपातून चहा घेतला, केकचे दोन तुकडे खाल्ले आणि असं घर हल्ली बघायला मिळत नाही असं मनापासून सांगितलं. नोरीनबाई हुरळून गेल्या. आठवड्याने पत्र आलं. घर अत्यंत नीटनेटकं, बुरशी आढळली नाही, गट ड.

शेजारची ग्लेन्डा त्या आठवड्यात भावाकडे गेली होती, नाहीतर हे घडलंच नसतं. ग्लेन्डा यादीतली जुनी खेळाडू. स्वयंपाकघराच्या छताचा लोंबता तुकडा तिने दोन वर्षं खाली पडू दिला नव्हता आणि वर चढवूही दिला नव्हता. त्याच्या बळावर ती ब गटात पोहोचली होती.

“घासलीस? पुरावा घासून काढलास?” ती कपाळाला हात लावून म्हणाली. “वर केक खाऊ घातलास? अगं, चोर तरी आपला माग इतका नीट पुसत नाही!”

“मग मी काय घाणीत बसवू त्याला?”

“हो! घाणीतच बसवायचं! नगरपालिकेला टापटीप बाई आवडते, पण तिला ती घर देत नाही. आता फेरतपासणी माग. तीन आठवड्यांत परत येईल तो. तोवर त्या भिंतीला बोट लावायचं नाही. खिडकी उघडायची नाही. आणि केक तर अजिबात करायचा नाही.”

फेरतपासणीचा अर्ज गेला. नोरीनबाईंनी बादली उलटी करून ठेवली आणि त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस सुरू झाले. बुरशी आधी कोपऱ्यात आली, मग लाडावलेल्या जावयासारखी हातपाय पसरून बसली. रोज सकाळी बाई दारातून तिच्याकडे बघत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. वासाने डोकं उठे. एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवली होती. हेटीला त्या खोलीत झोपवायचं नाही. दुसरी खोली जिन्याखालच्या कपाटाएवढी, तिथे जनीन कशीबशी मावायची. आणि नोरीनबाई स्वतः बैठकीच्या खोलीत कोचावर. म्हणून त्यांनी हेटीला बसमध्ये घालून समुद्रकाठी आपल्या बहिणीकडे, बेरिलकडे नेऊन सोडलं. बेरिल म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत राहायची. एकच खोली, पण कोरडी ठणठणीत.

तिसऱ्याच दिवशी बेरिलचा फोन आला. “नोरीन, पोरगी रात्रभर झोपली गं. एकदाही खोकली नाही. मीच दोनदा उठून बघितलं, श्वास चालू आहे ना म्हणून.”

फोन ठेवल्यावर नोरीनबाई जिन्यावर बसून रडल्या. पाच वर्षांत हेटी सलग रात्रभर झोपल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी ऑलर्टन आला. या वेळी त्याचा चेहरा खोलीत शिरताच उजळला. त्याने भिंतीचे चौदा फोटो काढले, कोपऱ्याचे वेगळे.

“उत्तम,” तो म्हणाला. “म्हणजे, वाईट. पण अगदी स्पष्ट. ब गटाला काही अडचण दिसत नाही. आणि मुलगी झोपते कुठे?”

“कुठे म्हणजे?”

“या पलंगावर ना?”

इथे एक ‘हो’ म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. जनीन मागून खुणा करत होती. पण नोरीनबाईंना वाटलं, हा मुलगा आपल्याला समजतो तरी कोण?

“या पलंगावर? या भिंतीखाली? मला काय वेड लागलंय? तिला बहिणीकडे ठेवलंय मी. बारा दिवस झाले. तिकडे बरी आहे हो ती.”

“अच्छा,” ऑलर्टन म्हणाला, आणि हे मात्र त्याने लिहून घेतलं.

पत्र आलं. बुरशी गंभीर स्वरूपाची असल्याचं नगरपालिकेने मोठ्या मनाने मान्य केलं होतं. परंतु सदर खोलीत कोणीही झोपत नाही. सदर बालिका अन्यत्र कोरड्या जागेत वास्तव्यास असून तिची प्रकृती सुधारत आहे. सबब, धोका कोणासही नाही. गट ड. शिवाय दोन प्रौढ व्यक्तींच्या घरात एक खोली रिकामी आहे, याचीही नोंद घेतली आहे.

त्याच टपालाने बेरिलच्या इमारतीच्या कचेरीचं पत्र आलं, बेरिलने घाबरून पुढे पाठवलेलं. पाहुण्यांना चौदा रात्रींची मुभा आहे. लहान मुलांना वास्तव्यास परवानगी नाही. बालिका इथे राहत नाही, याची कृपया शनिवारपर्यंत खात्री द्यावी, अन्यथा आपल्या जागेचा पुनर्विचार करावा लागेल.

“धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,” ग्लेन्डा दोन्ही पत्रं वाचून म्हणाली. मग ती खाली वाकली आणि आवाज उतरवून बोलली. “परत आण तिला. त्याच पलंगावर झोपव. महिनाभर. एकदा इस्पितळात गेली ना, की ब गट कुठे जात नाही.”

“ग्लेन्डा, चालती हो,” नोरीनबाई म्हणाल्या.

ग्लेन्डा गेली. पण दार लावता लावता नोरीनबाईंच्या मनात आलं, महिनाच तर. हे आपल्या मनात आलं, याची त्यांना इतकी शरम वाटली की संध्याकाळी जनीनच्या तोंडाकडे बघवेना.

शनिवारी त्यांनी हेटीला आणलं आणि सोमवारपर्यंत तिला कोचावर आपल्याजवळ, उघड्या खिडकीखाली निजवलं. तरीही दुसऱ्या रात्री तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागलीच. सोमवारी सकाळी त्या जनीनला आणि हेटीला घेऊन नगरपालिकेत गेल्या. जनीनच्या केसांत अजून पीठ होतं. काचेपलीकडे ऑलर्टनच होता. नोरीनबाईंनी दोन्ही पत्रं त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली.

“हे तुझं पत्र म्हणतं की हेटी समुद्रकाठी राहते. समुद्रकाठचं पत्र म्हणतं की ती तिथे राहत नाही. ही बघ हेटी. आता सांग बाळा, ही राहते कुठे?”

ऑलर्टनने पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं, मग एक जाड पुस्तक काढून त्यात बराच वेळ बोट फिरवलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद पसरला.

“मिसेस बटरवर्थ, ती कुठेच राहत नाही!”

“म्हणजे?”

“म्हणजे बेघर! आणि मूल बेघर म्हणजे त्याची आईही, दोघी. हा अ गट आहे! तात्पुरती जागा आजच देता येईल. वेन्डरबीला एक हॉटेल आहे, त्यात खोली आहे. गरम, कोरडी. तीस मैल लांब आहे, पण खोली चांगली आहे.”

“आणि आम्ही तिघी...”

“तिघी नाही. घराचा भाडेकरार तुमच्या नावावर आहे. तुम्ही बेघर नाही.”

“मग मी नाही जात,” जनीन म्हणाली. “आईला त्या घरात एकटी टाकून? आणि बेकरी पहाटे चारला उघडते, तीस मैलांवरून मी येणार कशी?”

“जायचं,” नोरीनबाई म्हणाल्या. “बेकऱ्या सगळीकडे असतात.”

“एक छोटी गोष्ट राहिली,” ऑलर्टन म्हणाला. त्याने एक कोरा कागद काचेखालून सरकवला. “करार तुमच्या नावावर असेपर्यंत या दोघी तिथे राहू शकतात, असं कुणीही म्हणेल. त्यामुळे तुम्ही त्यांना घराबाहेर काढलंय, असं तुमच्या हाताने लिहून लागेल. तारखेसह.”

“पण मी नाही काढलेलं.”

“मग त्या बेघर नाहीत.”

“बुरशीमुळे जातायत असं लिहिते. खरं तेच.”

“बुरशीचा निर्णय झालेला आहे, मिसेस बटरवर्थ. ड गट. कारण वेगळं हवं. लोक सहसा भांडण लिहितात. पटत नाही, त्रास होतो, असं काहीतरी. आणि परत घेणार नाही, हे स्पष्ट हवं. ते नसलं तर अर्ज फेटाळला जातो.”

हेटी आजीच्या मांडीवर येऊन बसली होती. काचेवर तोंडाची वाफ सोडून तिच्यात बोटाने घर काढायचं तिचं काम चाललं होतं. प्रत्येक श्वासाला छातीत बारीक शिट्टी वाजत होती. बाईंनी तिला डाव्या हाताने धरलं आणि उजव्या हाताने लिहायला घेतलं. त्यांना लाज वाटत होती, संताप येत होता.

‘मी, नोरीन बटरवर्थ, माझी मुलगी जनीन व नात हेटी यांना आजपासून माझ्या घरातून काढत आहे. मुलीचं माझ्याशी पटत नाही. नातीचा मला त्रास होतो. मी त्यांना परत घेणार नाही.’

“आजी, काय लिहितेस?” हेटीने विचारलं. तिला अजून वाचता येत नव्हतं.

“तुझा पत्ता,” नोरीनबाई म्हणाल्या आणि खाली सही केली.

ऑलर्टनने कागद उजेडात धरून दोनदा वाचला. शेवटी मान डोलावून म्हणाला, “वा. या वेळी सगळं अगदी स्पष्ट आहे.”